आजाऱ्याची सेवा : निवासी देखभाल केंद्रातील शुश्रूषा सहाय्यकाने काय जाणावे, काय करावे

बुलढाणा जिल्ह्यात चिखली तालुक्यातील पळसखेड सपकाळ येथे नंदकुमार आणि आरती पालवे यांचे सेवासंकल्प प्रतिष्ठान आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या बेवारस मनोरुग्णांना तेथे आसरा मिळतो. अशा कोणत्याही निवासी केंद्रात किंवा वृद्धाश्रमात डॉक्टरांची भेट थोड्या वेळाची असते. उरलेला दिवस आणि संपूर्ण रात्र रुग्णाजवळ असतो तो सहाय्यक. कोणी त्याला वॉर्डबॉय म्हणतो, तिला आया किंवा मावशी म्हणतो. कागदोपत्री हे पद नर्सिंग असिस्टंट किंवा जनरल ड्यूटी असिस्टंट असे असते.

आपल्या समाजातील अनेक तरुण-तरुणी या कामाकडे वळत आहेत. म्हणून या कामाची प्राथमिक माहिती आम्ही येथे एकत्र देत आहोत.

महावग्गातील पाच गुण

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. पोटाच्या विकाराने आजारी असलेला एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. तो इतरांच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून त्याच्याकडे कोणी फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले. तथागतांनी पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले आणि दोघांनी मिळून त्याला उचलून मंचकावर निजवले. त्यानंतर त्यांनी भिक्खूसंघाला आजाऱ्याच्या सेवेचा नियम घालून दिला. शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुणही तेथेच सांगितले आहेत. आजच्या कामाची मांडणीही त्या पाच गुणांवर करता येते.

१. औषध देता येणे

डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध नर्सच्या सूचनेनुसार द्यावे. देण्यापूर्वी पाच गोष्टी तपासाव्यात : योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य वेळ आणि योग्य मार्ग. दिल्यावर लगेच वहीत नोंद करावी. विचारल्याशिवाय गोळी कुटून देऊ नये. काही गोळ्या अखंडच गिळायच्या असतात. इंजेक्शन देणे, सलाइन लावणे, मात्रा कमी-जास्त करणे ही सहाय्यकाची कामे नाहीत. कोणी आग्रह केला तरी स्पष्ट नकार द्यावा.

२. काय हितकर, काय अहितकर हे ओळखणे

रुग्णाला बसवून, हनुवटी थोडी खाली ठेवून, लहान घास भरवावेत. जेवणानंतर अर्धा तास त्याला बसते ठेवावे. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये.

वृद्धांना तहान कमी जाणवते, म्हणून उन्हाळ्यात वेळ ठरवून पाणी द्यावे. मात्र आपल्या जिल्ह्यात संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुरा हा पूर्णाकाठचा खारपाणपट्टा आहे आणि तेथे मूत्रपिंडाच्या विकारांची तक्रार जुनी आहे. अशा रुग्णाला दिवसभरात किती पाणी चालेल हे डॉक्टरांकडून लिहूनच घ्यावे.

विश्रांतीत असलेल्या प्रौढ माणसाची नाडी मिनिटाला साधारण ६० ते १०० आणि श्वास १२ ते २० असतो. आकड्यांइतकाच महत्त्वाचा असतो नेहमीपेक्षा पडलेला फरक. काल ओळख देणारे आजोबा आज बरळत असतील तर ते वय म्हणून सोडून देऊ नये. तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे ही पक्षाघाताची लक्षणे आहेत; लगेच १०८ वर फोन करावा.

३. मैत्रीभावाने सेवा, लोभाने नव्हे

या गुणाचा अर्थ फुकट राबावे असा काढला जातो. आम्हाला तो मान्य नाही. रुग्णाच्या पैशावर, दागिन्यावर, पेन्शनवर डोळा नसावा, हा त्याचा अर्थ. श्रमाचे वेतन हा लोभ नव्हे, हक्क आहे. सेवाभावाचे नाव पुढे करून बारा-बारा तास राबवून घेणे हा धम्म नाही.

४. मलमूत्राची किळस न येणे

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी. माकडहाड, खुबे, टाचा, कोपर रोज पाहावेत. दाबूनही न जाणारा लालसर डाग ही बेडसोरची सुरुवात असते. सावळ्या त्वचेवर लाली दिसत नाही. तेथे हाताला ऊब किंवा कडकपणा जाणवतो. त्या जागेवर मालिश करू नये, नर्सला सांगावे.

स्त्री रुग्णाची स्वच्छता पुढून मागे करावी. लघवीची पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली ठेवावी, पण जमिनीला टेकू देऊ नये. अंग पुसताना पडदा ओढावा. हातमोजे घातले तरी हात साबणाने धुवावेतच. रक्ताने माखलेली ड्रेसिंग पिवळ्या पिशवीत, नळ्या लाल पिशवीत आणि सुया पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात टाकाव्यात.

सावित्रीबाई फुले प्लेगग्रस्त मुलाला उचलून दवाखान्यात नेताना संसर्ग होऊन १० मार्च १८९७ रोजी गेल्या. त्या काळी संरक्षणाची साधने नव्हती, आज आहेत. हातमोजे, मास्क आणि हिपॅटायटिस बी लसीचे तीन डोस कर्मचाऱ्याने संस्थेकडे मागून घ्यावेत.

५. रुग्णाचे मन प्रसन्न ठेवणे

प्रत्येक कृतीआधी नाव घेऊन, काय करणार आहोत ते सांगावे. 'अरे म्हाताऱ्या' नव्हे, 'काका', 'आजी'. रुग्णाचा धर्म कोणताही असो, त्याला हवे ते ऐकू द्यावे. आपले विचार लादू नयेत.

कायदा काय सांगतो

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई आहे. सक्तीने डोके भादरता येत नाही. स्वच्छ जागा आणि खासगीपणा हा त्याचा हक्क आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निराधार ज्येष्ठांसाठी किमान १५० जणांच्या वृद्धाश्रमाची तरतूद आहे. ज्येष्ठांसाठी मदतवाहिनी १४५६७, तर मानसिक आरोग्यासाठी टेली-मानस १४४१६ हा क्रमांक आहे. मारहाण किंवा उपासमार दिसली तर गप्प बसणे हा सहाय्यकाचाही दोष ठरतो.

कार्यकर्त्यांसाठी

मेलेली जनावरे ओढण्यासारखी जन्माने लादलेली कामे सोडा, असे बाबासाहेबांनी सांगितले. मग मलमूत्र काढण्याचे हे काम आपण का करावे, असा प्रश्न तरुण विचारतात. प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर असे : ज्या कामाला स्वतः तथागतांनी हात लावला ते हलके नाही, जन्म पाहून ते एखाद्याच्या माथी मारणे हलके आहे. म्हणून केंद्राला भेट द्याल तेव्हा एक गोष्ट जरूर पाहा. औषधांचा ट्रे कोणाच्या हातात आणि बेडपॅन कोणाच्या हातात? कामाची पाळी सर्वांना सारखी फिरते का? प्रशिक्षण, नियुक्तीपत्र, किमान वेतन आणि साप्ताहिक सुट्टी मिळते का?

हे काम शिकून, निवडून आणि मोबदला घेऊन करायचे आहे. असे झाले तरच रुग्णाचा आणि त्याची सेवा करणाऱ्याचा, दोघांचाही मान राहील.

नमो बुद्धाय, जय भीम!