माळेगावची जत्रा आणि आपला जलसा

निलंग्याची पोरं माळेगावच्या जत्रेत तमाशाचे फड, लावणी महोत्सव बघायला जातात. जरूर जावं. हलगी-ढोलकी आपल्याच वस्त्यांनी जिवंत ठेवली. पण मुली देवाला सोडून मुरळ्या करण्याची प्रथाही याच खंडोबाच्या नावाने चालली, आणि त्या मुली बहुतेक आपल्याच घरांतल्या! १९३४ चा देवदासी कायदा मुंबई प्रांताचा. आपण तेव्हा निजामाच्या राज्यात.

त्याच दशकात नाशिककडे भीमराव कर्डकांचा आंबेडकरी जलसा गावोगाव फिरत होता. बाज तमाशाचाच. पण आंबेडकरी जलशांनी गणातला गणपती काढून बाबासाहेबांना वंदन केलं, नाचीला रजा दिली, वगात अस्पृश्यता आणि शिक्षण आणलं. 'लोककला जपा' म्हणणाऱ्या आयोजकांना म्हणूनच विचारा, हलगीवाल्याला मानधन किती? त्याची पोरगी कितवीत आहे?