बोल्टवाला चित्रकार

म्युझियमं पाडा म्हणणाऱ्या कंपूतल्या माणसाने म्हातारपणी स्वतःचंच म्युझियम काढावं, याला काय म्हणाल? पाडापाडीची हाक १९०९ च्या फ्युचरिस्ट जाहीरनाम्यातली. फोर्तुनातो देपेरो त्याच गोटातला. उत्तर इटलीतल्या रोव्हेरेतोत १९५९ साली त्याचं म्युझियम उघडलं, आणि १९६० मध्ये गडी गेला. आज ते 'मार्त' या मोठ्या संग्रहालयाचा भाग आहे.

चित्रं, लाकडी आकृत्या, बायको रोझेत्ताच्या साथीने शिवलेली कापडी चित्रं... बरंच आहे. पण आमच्यासारख्या इंजिनिअरला वेड लावतं ते त्याचं १९२७ चं पुस्तक. बाइंडिंगला दोरा नाही, चक्क दोन अ‍ॅल्युमिनियमचे बोल्ट! खोला आणि पानं हवी तशी लावा. कांपारी सोडाची १९३२ ची बाटलीही त्याचीच, बरं का.

एक मात्र खटकतं. या मंडळींनी युद्धाचे गोडवे गायले, पुढे फॅसिस्टांशी सूत जमवलं. आणि रोव्हेरेतो हे पहिल्या महायुद्धात आघाडीवर भरडलेलं गाव! तिथेच त्या युद्धातल्या तोफांचा धातू वितळवून १९२४ साली ओतलेली (१९६४ ला पुन्हा ओतावी लागली) घंटा रोज संध्याकाळी शंभर ठोके देते. देपेरो मला आवडतोच, पण ती घंटा डोक्यातून जात नाही.