जमिनीचा कागद कुणी पाहावा?

भोरच्या संस्थानिकांचा किताब होता पंत सचिव. अष्टप्रधानांतल्या सचिवाचं, म्हणजे सुरनीसाचं काम तलवारीपेक्षा कागदाचं. राजपत्रं तपासायची, कमीजास्त मजकूर दुरुस्त करायचा, महाल-परगण्यांचे हिशेब पाहायचे आणि मग संमतीची खूण करायची. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळी हे पद अण्णाजी दत्तो यांच्याकडे होतं. जमीन मोजून सारा ठरवणारे म्हणून त्यांचं नाव अजून घेतलं जातं. राजाराम महाराजांच्या काळात ते पद शंकराजी नारायण यांच्याकडे आलं, पुढे त्यांच्याच घराण्यात राहिलं आणि त्यातून भोर संस्थान उभं राहिलं. राज्याचं दप्तर सांभाळणाऱ्याच्या नावावर राज्य चालल्याची उदाहरणं फार नसावीत.

याच मुलखात आज जमिनीचे एजंट, प्लॉटिंगवाले, सर्च रिपोर्ट देणारे वकील आणि मोजणीदार यांची वर्दळ आहे. पुणे-सातारा रस्ता, रिंगरोडची आखणी, भाटघर आणि पानशेतच्या पाण्याकाठची फार्महाऊसं, यामुळे भोर आणि वेल्हे (आता सरकारदरबारी राजगड तालुका) इथल्या गटागटाला गिऱ्हाईक आहे. आणि या सगळ्यांच्या डोक्यावर आता एक नवा कायदा येऊन उभा आहे : डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण अधिनियम, २०२३. माहिती कुणाची, ती कुणी पाहायची, किती दिवस ठेवायची, हे प्रश्न मात्र या खोऱ्यांना नवे नाहीत.

रोहिडखोरं, हिरडस मावळ, गुंजण मावळ, कानद खोरं इथली देशमुखी वतनं म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांची भांडणं. रोहिडखोऱ्यात कारीचे जेधे आणि उत्रोळीचे खोपडे यांचा तंटा इतिहासात गाजलेला. सनद घरातल्या पेटीत असायची, पण हक्क सिद्ध व्हायचा तो चारचौघांत. गोतसभा बसायची, वादी-प्रतिवादी आपापले करीने, म्हणजे हकिकतीचे लेख, मांडायचे, जुनी माणसं साक्ष द्यायची आणि निवाड्याचा महजर व्हायचा. त्याखाली कुलकर्ण्याचं अक्षर, पाटलाचा नांगर, बलुतेदारांच्या आपापल्या हत्यारांच्या निशाण्या. इतक्या माणसांनी पाहिलेला कागद खोटा ठरवणं अवघड होतं. त्या काळचं हेच दस्तसंरक्षण. जेधे शकावली आणि जेधे करीना आज शिवकाळाची अस्सल साधनं मानली जातात. ती टिकली, कारण वतनाच्या पुराव्याची कागदपत्रं जिवापाड जपायची घराण्याची रीत होती.

या विश्वासाला पहिला मोठा तडा इंग्रजी अमलात गेला. १८५२ च्या ११ व्या कायद्यानं इनाम कमिशनला जोर आला. सनदा दाखवा, नाहीतर इनाम खालसा, असा त्याचा एकूण सूर. इनामदारांची दप्तरं तपासली गेली, नकला झाल्या, आणि ज्या कागदानं हक्क राखायचा तोच सरकारच्या हातात गेल्यावर हक्क काढून घेण्याचं साधन झाला. पुढे इतिहास संशोधक दारात आले तेव्हा दप्तर सोडून दाखवायला घराणी कचरत, त्यात या आठवणीचा वाटा मोठा होता. पेशव्यांचं दफ्तर तर सरकारनंच पुण्यात वर्षानुवर्षं बंद ठेवलं. गो. स. सरदेसायांनी त्यातले निवडक कागद ४५ खंडांत छापले ते १९३० नंतर.

आपल्या पुणे जिल्ह्यानं दुसरं टोकही पाहिलं आहे. मे १८७५ मध्ये सुप्याला शेतकरी सावकारांवर उठले. त्यांचा रोख कर्जखतांवर आणि वह्यांवर होता. ती हिसकावून जाळणं हाच उठावाचा कार्यक्रम. आपल्याबद्दलची माहिती दुसऱ्याच्या कपाटात आहे आणि तीत काय लिहिलंय ते आपल्याला वाचता येत नाही, याचा तो संताप होता. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला आणि शेतकऱ्याचे दस्त गाव-निबंधकासमोर करण्याची सोय झाली.

सातबाराचा जन्म याच्यानंतरचा. १९०३ च्या मुंबई कायद्यानं हक्कनोंदणी सुरू झाली, १९१३ मध्ये ती जमीन महसूल कायद्यात घेतली गेली, आणि अँडरसन या अधिकाऱ्याच्या महसुली हिशेबांच्या नियमपुस्तिकेनं गावनमुन्यांना आकडे दिले. नमुना सहा म्हणजे फेरफार, सात म्हणजे अधिकार अभिलेख, आठ-अ म्हणजे खातेउतारा, बारा म्हणजे पिकांची नोंद. भोर ८ मार्च १९४८ ला मुंबई प्रांतात विलीन झालं आणि इथली गावंही या चौकटीत आली. कुलकर्णी वतन १९५० च्या कायद्यानं गेलं. दप्तर कुलकर्ण्याच्या वाड्यातून तलाठ्याच्या सजात आलं. मग कुळकायदा, गटवारी, धरणांसाठीची संपादनं. प्रत्येकानं उताऱ्यावर आपापली खूण ठेवली.

हा उतारा नीट वाचला तर छाती दडपते. वर गट नंबर आणि भूधारणा. खाली भोगवटादारांची नावं, क्षेत्र, आकार. नावापुढे ए.कु.क. असेल तर एकत्र कुटुंबाचा कर्ता कोण ते कळतं, अ.पा.क. असेल तर घरात अज्ञान वारस आहे हे कळतं. इतर अधिकारात सोसायटीचा बोजा, कधी बँकेचा, रकमेसकट. कुळाचं नाव, बहिणींचा हक्क, कोर्टाचा मनाई हुकूम. जुन्या नोंदींत वतनाचा प्रकार लिहिलेला, म्हणजे जात आपोआप आली. प्रत्येक नावाच्या शेजारी फेरफाराचा आकडा, आणि त्या आकड्यामागे गेलं की मयताची तारीख, सगळे वारस, कुणी हक्कसोड दिली, कुणी तक्रार केली. चार फेरफार काढले की घराण्याची तीन पिढ्यांची भांडणं समोर. शिवाय इथे नाव कधीच पुसत नाहीत. कमी झालेलं नाव पूर्वी कंसात जायचं, आता त्यावर आडवी रेघ येते. वाचता येतंच.

आणि हे सगळं कायद्यानं उघडं आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ३२७ प्रमाणे नकाशे आणि भूमी अभिलेख, नियम पाळून आणि फी भरून, कुणालाही पाहता येतात. कलम १५० प्रमाणे फेरफाराची नोंद चावडीवर लावायची, हितसंबंधितांना कळवायचं आणि हरकतींची वाट पाहायची. म्हणजे महजराचीच रीत, छापील नमुन्यात. ज्या इंग्रजांनी आपल्याला ही पद्धत दिली त्यांच्या घरी काय होतं? इंग्लंडमध्ये जमिनीचं नोंदणीपुस्तक मालकाच्या परवानगीशिवाय परक्याला पाहता येत नसे. ते लोकांना खुलं झालं ३ डिसेंबर १९९० ला!

नोंदणी अधिनियम, १९०८ महसूल संहितेहून बारीक विचार करतो, आणि माझ्या मते हा या सगळ्या वंशावळीतला सर्वांत शहाणा कागद आहे. निबंधकाकडे वेगवेगळी पुस्तकं असतात. स्थावराचे दस्त पुस्तक १ मध्ये. ते कलम ५७ प्रमाणे कुणीही फी भरून पाहावं, कारण विकत घेणाऱ्याला आधीचे व्यवहार कळलेच पाहिजेत. मृत्युपत्रं पुस्तक ३ मध्ये. ती करणारा हयात आहे तोवर नक्कल फक्त त्याला किंवा त्याच्या मुखत्याराला. इतर किरकोळ दस्त पुस्तक ४ मध्ये, त्यांची नक्कल फक्त पक्षकारांना. सगळं उघडं नाही आणि सगळं झाकलेलंही नाही : ज्याला गरज त्याला, गरजेपुरतं. आज परदेशी सल्लागार हे तत्त्व स्लाइडवर दाखवून पैसे घेतात.

घोटाळा झाला तो पुढच्या एका शहाण्या दुरुस्तीनं. बोटांचे ठसे हे मुळात जमीन-कागदांच्याच जगातून आलेले. विल्यम हर्शेल या बंगालमधल्या अधिकाऱ्यानं १८५८ मध्ये एका कंत्राटावर हाताचा ठसा घेतला आणि १८७७ मध्ये हुगळीला दस्त नोंदणीत बोटांचे ठसे सुरू केले. गुन्हेगार पकडायला ते वापरायची कल्पना नंतरची. आपल्या नोंदणी कायद्यात २००१ च्या दुरुस्तीनं कलम ३२अ आलं : दस्तावर पक्षकारांचा फोटो आणि बोटांचे ठसे हवेत. तोतयाला आळा बसावा, हा चांगला हेतू. पण ठसा चिकटला तो पुस्तक १ मधल्या दस्ताला, आणि पुस्तक १ सर्वांना खुलं. त्यात ओळखीसाठी जोडलेल्या आधारच्या प्रती. पुढे दस्त स्कॅन होऊन संकेतस्थळावर गेले. २०१८ मध्ये तेलंगणात एका सिमकार्ड विक्रेत्यानं तिथल्या नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावरून खरेदीखतं उतरवली, ठशांचे साचे केले आणि दुसऱ्यांच्या नावानं हजारो सिमकार्डं चालू केली. पुढे आधारवरून पैसे काढण्याच्या फसवणुकीतही नोंदणीच्या दस्तांवरचे ठसे वापरल्याचं इतर राज्यांत उघड झालं. १९०८ चं कलम चूक नव्हतं, २००१ चंही नव्हतं. दोघांना जोडून पाहणारं कुणी नव्हतं.

महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. पंधरा रुपयांत, घरबसल्या. भोरच्या टोकाच्या गावातून तहसीलला जायला ज्याचा दिवस मोडत असे, त्याला याचं मोल विचारा. पण चावडीच्या काळात एक गोष्ट आपोआप व्हायची, ती यात हरवली. तलाठ्याकडे कुणी परका येऊन अमुक गटाचा उतारा मागू लागला, की संध्याकाळपर्यंत गावाला कळायचं. 'पुण्याचा माणूस तुमच्या माळाची चौकशी करत होता' असा निरोप मालकाच्या घरी पोचायचा. कागद दिसत होता तसा पाहणाराही दिसत होता. आता उतारा कितीही जणांनी काढो, मालकाला पत्ता नाही. एस्टोनिया या छोट्या देशात आपली सरकारी माहिती कुठल्या खात्यानं पाहिली हे नागरिकाला ऑनलाइन बघता येतं. आपल्याकडे उतारा काढताना मोबाइल क्रमांक द्यावाच लागतो. मग 'आपल्या गटाचा उतारा काढला गेला' एवढा संदेश खातेदाराला पाठवायला काय हरकत आहे? उतारा गुप्त करायला माझा विरोध आहे. तो झाकला तर फायदा होईल तो एकच जमीन तिघांना विकणाऱ्याचा.

आता नव्या कायद्याकडे. २०२३ चा अधिनियम सातबाराला जवळजवळ हात लावत नाही. कायद्यानंच जी माहिती जाहीर करायची असते तिला तो लागू नाही, असं कलम ३ सांगतं. तो हात घालतो तो एजंटच्या फोनला. कापूरहोळच्या किंवा नसरापूरच्या एखाद्या एजंटचा फोन डोळ्यांसमोर आणा. शेतजमीन घ्यायची तर घेणारा शेतकरी हवा, म्हणून त्याचा स्वतःचा सातबारा फोनमध्ये आला. टोकन दिलं, तर पॅन आणि आधार आलं. देणाऱ्याच्या बाजूनं चार भाऊ, तीन बहिणी, सगळ्यांचे आधार, वारसदाखला, बँकेचं पासबुक. व्यवहार फिसकटला तरी फोटो गॅलरीत राहिले, आणि 'एक नंबर टायटल क्लिअर' असं लिहून त्यातले काही वीस ग्रुपवर गेले. यात दुष्ट हेतू नसतोही. सवय असते.

कायद्याच्या नजरेत हा एजंट आता माहितीचा जबाबदार धारक आहे. माहिती कशासाठी घेतोय ते आधी सांगायचं, ती सूचना मागणाऱ्याला मराठीतही मिळाली पाहिजे. संमती घ्यायची. काम संपलं आणि दुसऱ्या कायद्यानं ठेवायला सांगितलेलं नसलं की पुसायचं. माहिती फुटली तर ज्याची फुटली त्याला आणि डेटा संरक्षण मंडळाला कळवायचं. सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये. एवढ्यात आख्खं खोरं येईल, पण कमाल ती कमाल. हाताच्या वहीत लिहिलेलं या कायद्यात येत नाही. त्याच वहीच्या पानाचा फोटो काढला की येतं. महारेरानं २०२३ पासून एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षेची अट घातली आहे. त्या अभ्यासात हा विषय ठळकपणे यायला हवा.

या अधिनियमाचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि त्यांतल्या वेळापत्रकाप्रमाणे मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये, लागू होतात. तोवर थांबायचं कारण नाही. जमीन घेणाऱ्या-देणाऱ्यानं एजंटला आधार द्यायचं तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्यावं, आणि प्रतीवर गट नंबर, तारीख आणि 'फक्त याच व्यवहारासाठी' असं आडवं लिहावं. दस्त नोंदवून झाला की आधारचे बायोमेट्रिक्स कुलूपबंद करावेत, ती सोय आधार प्राधिकरणानं मोफत दिली आहे. आणि व्यवहार मोडला, तर टोकनाबरोबर फोटोही परत मागावेत, म्हणजे समोर बसून पुसून घ्यावेत.