एका छिद्राचा इतिहास

गेल्या पावसाळ्यांत मूलहून पोंभुर्ण्यास येणाऱ्या एस्. टी. च्या गाडींत आमच्या पुढच्या बाकावर एक विशीचा तरुण बसला होता. त्याच्या हातांतील फोनवर कसला तरी चित्रपट चालू होता व त्यांतील नायकाच्या गर्जना सबंध गाडीस ऐकूं येत होत्या. दिवस धानाच्या रोवणीचे. गाडींतल्या बहुतेक बाया दिवसभर चिखलांत वांकून थकलेल्या. कंडक्टर तिकिटें देत देत त्याच्यापाशीं आला आणि म्हणाला, "अरे बाबू, कानात घालून आयक ना." मुलगा ओशाळला. "कसा घालू जी? ह्या फोनले पिन खोसाले जागाच नाही!" असें म्हणून त्यानें खिशांतून काळ्या तारेचा एक गुंडाळा काढून पुराव्यादाखल सर्वांस दाखविला. गाडींत हंशा पिकला, आवाज बंद झाला, आणि बाया पुन्हां डुलक्या घेऊं लागल्या.

मुंबईच्या बेस्ट उपक्रमानें २०२३ सालीं बसगाड्यांत फोन मोठ्यानें वाजविण्यास मनाई केली. ऐकावयाचें असेल तर हेडफोन लावून ऐका, असा त्या आज्ञेचा आशय होता. आज्ञा योग्यच होती. पण तार ज्या छिद्रांत खोंचावयाची तें छिद्र बुजविण्याचें काम त्यापूर्वीं सात वर्षांपासून जोरांत चालू होतें, ही गोष्ट आज्ञा देणाऱ्यांच्या हातची नव्हती, आणि त्या मुलाच्या तर नव्हतीच. मग ती कोणाच्या हातची होती? इतक्या क्षुद्र वस्तूवर इतिहासाच्या अध्यापकानें लेखणी कां झिजवावी, असें कोणी विचारील तर आमचें उत्तर एवढेंच कीं, हें छिद्र आमच्या गोंदिया-चांदा आगगाडीहूनही वयानें मोठें आहे, आणि त्याची कुळकथा सांगण्याजोगी आहे.

टेलिफोनचा शोध १८७६ चा. आरंभीं टेलिफोन म्हणजे दोन ठिकाणें जोडणारी एक तार. तिसऱ्याशीं बोलावयाचें तर निराळी तार. अशा रीतीनें दहा घरें एकमेकांस जोडावयाचीं म्हटलें तर पंचेचाळीस तारा लागतात, हें गणित कोणासही करून पाहतां येईल. यांतून सुटका म्हणून १८७८ सालीं अमेरिकेंत न्यू हेवन येथें पहिलें व्यापारी एक्स्चेंज निघालें: सर्वांच्या तारा एका जागीं आणावयाच्या, आणि ज्याला ज्याच्याशीं बोलावयाचें असेल त्याची तार तेवढ्यापुरती त्याच्याशीं जोडून द्यावयाची. ही जोडणी झटकन व्हावी, घट्ट बसावी आणि काम होतांच झटकन सुटावी, ही खरी अडचण होती. ती लवकरच सोडविणाऱ्यांत शिकागोच्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कारखान्यांतील चार्ल्स स्क्रिब्नर हा तरुण यंत्रज्ञ प्रमुख होय. त्याच्या जोडणीचा आकार खिशांत मिटवून ठेवावयाच्या चाकूसारखा दिसे; इंग्रजींत अशा चाकूस जॅक-नाइफ म्हणतात; त्यावरून त्या खोबणीस 'जॅक' हें नांव पडलें तें आजतागायत चिकटून आहे. जॅक हें संशोधकाचेंच नांव असावें, असा तर्क आमच्या एका विद्यार्थ्यानें उत्तरपत्रिकेंत लढविला होता. आम्हीं त्यास गुण दिले नाहींत, पण तर्काचें कौतुक केलें.

खोबणींत बसणारी पिन पाव इंच जाडीची, पितळेची. तिचें टोक एका तारेचें, बाकीचा दांडा दुसऱ्या तारेचा. मध्यें एक कडें बसविलें कीं तें तिसरीचें. याहून अधिक तिच्यांत कांहीं नाहीं. कळ नाहीं, झांकण नाहीं, डावें-उजवें नाहीं. अंधारांत, न पाहतां, कशीही फिरवून खोंचली तरी ती बसते. मुंबईस एक्स्चेंज आलें १८८२ सालीं. पुढें ट्रंक कॉल लावून ज्यांनीं अर्धा दिवस वाट पाहिली आहे त्या पिढीस पलीकडून बोलणारी ऑपरेटर बाई आठवत असेल. तिच्या हातांत हीच पिन असे. १९६० मध्यें लखनौ व कानपूर यांच्यामध्यें थेट नंबर फिरविण्याची सोय झाली, तेव्हांपासून आपल्या देशांत तो हात हळूहळू मागें सरत गेला.

हात गेला, पिन मात्र राहिली. ती पाहावयास दूर जावयास नको. आमच्या झाडीपट्टींत दिवाळी झाली कीं नाटकें सुरू होतात. मंडई किंवा शंकरपट यांच्या निमित्तानें वडशाहून नाटक मंडळी येते, शेतांत मंडप पडतो, आणि रात्रभर हजारों माणसें कुडकुडत नाटक पाहतात. रंगमंचासमोर ऑर्गन, तबला व ऑक्टोपॅड घेऊन वादक बसलेले असतात. ऑर्गन एका कारखान्याचा, ऑक्टोपॅड दुसऱ्याचा, आवाज वाढविणारें यंत्र तिसऱ्याचें आणि तार बाजारांतून आणलेली. पण पाव इंची पिन खोंचली कीं सगळीं एका सुरांत येतात. ज्या मापाची पिन शिकागोच्या टेलिफोनसाठीं घडली, त्याच मापानें झाडीपट्टीचा नायक शेवटच्या रांगेंतल्या म्हातारीला ऐकूं येतो. मराठी नाट्येतिहासकारांनीं या पिनेची दखल घेतलेली आम्हांस आढळली नाहीं. घ्यावयास हरकत नाहीं.

पुढें ट्रान्झिस्टर रेडिओ आले, यंत्रें लहान झालीं, तशी पिनही साडेतीन मिलिमीटरची झाली. घडण तीच, अंग तेवढें बारीक. सोनी कंपनीनें १९७९ च्या जुलैंत वॉकमन काढला व ही बारीक पिन जगभर पसरली. त्या पहिल्या वॉकमनला एक सोडून दोन छिद्रें होतीं, म्हणजे दोघांनीं मिळून एकच गाणें ऐकावें. एकट्यानें ऐकण्याच्या यंत्राचा आरंभ असा दुकटेपणाच्या सोयीनें झाला, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

या सर्व काळांत या छिद्राचा कोणी धनी नव्हता. पिन बनविणाऱ्यास कोणाची परवानगी काढावी लागत नसे. अमेरिकेंत टेलिफोनचा मक्ता ज्या बेल कंपनीकडे होता ती आपल्या जाळ्यास दुसऱ्याचें उपकरण जोडूं देत नसे. कार्टरफोन नांवाच्या उपकरणाच्या प्रकरणांत तेथील सरकारी आयोगानें १९६८ सालीं ती बंदी मोडून काढिली. मौज अशी कीं, वेस्टर्न इलेक्ट्रिक हा त्याच बेल कंपनीच्या घरचा कारखाना. मक्तेदारीच्या पोटीं जन्मलेली पिन गांवकीची झाली.

परंतु पूर्वीं सर्वत्र सुवर्णयुगच होतें, असें म्हणण्याचा आमचा हेतु नाहीं. मोबाइल फोन आले तेव्हां नोकियाची खोबण निराळी, सोनी एरिक्सनची निराळी; २००८ मध्यें निघालेला पहिला अँड्रॉइड फोनसुद्धां साडेतीन मिलिमीटरच्या छिद्रावांचूनच आला होता. पिनेवर बोलण्याच्या मायक्रोफोनसाठीं चवथें कडें आलें तेव्हां त्याचा क्रम कांहींनीं एक धरिला, कांहींनीं दुसरा. त्यामुळें गाणें ऐकूं येई पण बोलणें पलीकडे पोंचत नसे. हा गोंधळ ओसरून सर्व फोनांस एक पिन चालूं लागली व तिचें सुख लोकांस कळूं लागलें, तों २०१६ साल उजाडलें.

ओप्पोनें तत्पूर्वीं एक-दोन पातळ फोनांतून हें छिद्र काढून पाहिलें होतें. २०१६ च्या एप्रिलमध्यें ली-इकोनें व जूनमध्यें मोटोरोलानें तोच मार्ग धरिला. पण गवगवा झाला तो ७ सप्टेंबर २०१६ रोजीं ॲपलनें आयफोन ७ दाखविला तेव्हां. फिल शिलर या अधिकाऱ्यानें छिद्र काढण्याचें कारण एका शब्दांत सांगितलें: धैर्य. त्या शब्दाची पुढें जगभर यथेच्छ थट्टा झाली. तथापि थट्टा म्हणजे खंडन नव्हे, म्हणून कंपनीच्या बाजूचीं कारणें पाहूं. जागा वांचते, हें खरें आहे. एवढ्याशा पेटींत तसूभर जागाही मोलाची. पाणी आंत शिरत नाहीं, हें कारण मात्र लंगडें आहे. त्याच वर्षाच्या मार्चमध्यें सॅमसंगनें छिद्र कायम ठेवून पाण्यास दाद न देणारा फोन विकावयास काढिला होता. पुढील काळ बिनतारी आहे, हें तिसरें. यांत तथ्य आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. दोन्ही हात कामांत असलेल्या माणसास तारेचा लोंबता फांस नकोच असतो. पण बिनतारी यंत्र ज्याला हवें त्यानें घ्यावें, त्यासाठीं तारेचें छिद्र बुजविलेंच पाहिजे, हें त्यांतून कसें निघतें?

त्या कंपनीचे बिनतारी कर्णयंत्र हिंदुस्थानांत आलें तेव्हां त्याची किंमत १५,४०० रुपये होती. पुढच्याच वर्षीं, २०१७ मध्यें, जिओफोन आला. त्याची अनामत १,५०० रुपये, आणि त्याला साडेतीन मिलिमीटरचें छिद्र होतें. दहा फोनांच्या मोलाचा कानांतला एक जोड! शिवाय तारेचा इअरफोन तुटेपर्यंत चालतो; बिनतारी जोडाच्या पोटांतली बोटाच्या पेराएवढी बॅटरी कांहीं वर्षांत थकते, आणि ती बदलून देणारा कारागीर चंद्रपुरांतही सहसा सांपडत नाहीं. गूगल व सॅमसंग यांनीं प्रथम ॲपलला जाहिरातींतून चिडविलें. मग गूगलनें २०१७ सालीं आणि सॅमसंगनें २०१९ सालीं आपल्या महागड्या फोनांतून तेंच छिद्र मुकाट्यानें बुजविलें. बाजारांतील स्पर्धा ग्राहकाचें रक्षण करिते, असें अर्थशास्त्राच्या वर्गांत शिकविणाऱ्या आमच्या मित्रांनीं या प्रकरणाचा खुलासा अवश्य करावा.

आमच्या भागांतील वडीलधाऱ्या मंडळीस याचें मर्म आगगाडीवरून चटकन समजेल. गोंदियाहून नागभीडवरून चांद्यास जाणारी व नागपूरहून नागभीडला येणारी, अशा दोन्ही गाड्या पूर्वीं अरुंद रुळांच्या. नव्वदीच्या दशकांत चांद्याच्या मार्गाचे रूळ रुंद झाले. नागपूरचा फांटा मात्र २०१९ पर्यंत अरुंदच राहिला. त्यामुळें नागभीडला उतरा, गांठोडीं उचला, पलीकडच्या गाडींत चढा! फोनाच्या खोबणींत लावावयाचा जोडतुकडा म्हणजे आजचें नागभीडच होय. फरक इतकाच कीं, रूळ रुंद झाले ते दोन मार्ग एक व्हावेत म्हणून. येथें एक असलेला मार्ग तोडून नागभीड नव्यानें वसविलें गेलें, आणि तेथील हमाली उतारूंवर पडली.

आणखी एक गोष्ट आहे, आणि शहरांतील वादांत तिचा उल्लेख क्वचितच झाला. फोनांतील रेडिओस इअरफोनची तार हीच आकाशतार असते. शंभर मेगाहर्ट्झच्या सुमारास एफ. एम. लहरीची लांबी तीन मीटर. तिची चवथाई पाऊण मीटर. एवढी आकाशतार फोनाच्या पोटांत कशी मावणार? ती कानाच्या तारेंत आयतीच मिळे. इअरफोन लावल्यावांचून फोनवर चंद्रपूरचें आकाशवाणी केंद्र धडपणें लागत नाहीं, हें येथील गुराख्यांसही ठाऊक आहे. रेडिओस ना टॉवरची गरज, ना महिन्याच्या रिचार्जची. जंगलांत जेथें इंटरनेट पोंचत नाहीं तेथेंही तो बोलूं शकतो. २०२० च्या ऑगस्टअखेर गोसीखुर्द धरणाचें पाणी सुटून वैनगंगेस पूर आला, ब्रह्मपुरी तालुक्यांतील गांवांस वेढा पडला. अशा वेळीं रेडिओची किंमत काय असते हें नदीकांठच्या माणसास सांगावयास नको. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान खात्यानें एप्रिल २०२३ मध्यें फोन बनविणाऱ्यांच्या संघटनांस सूचनापत्र पाठवून, फोनांतील एफ. एम. रेडिओ बंद ठेवूं नये असें कळविलें; गरिबांची सोय व आपत्तीच्या वेळची सूचना हींच कारणें त्यामागें होतीं. सूचना स्तुत्य खरी. पण रेडिओ चालू ठेवून आकाशतारेचें छिद्रच काढून घेतलें तर श्रोत्यानें काय करावें?

युरोपांत राज्यकर्त्यांनीं वेगळा मार्ग धरिला. २०२२ च्या कायद्यानें तेथें फोनांस टाइप-सी ही एकच खोबण सक्तीची झाली व २८ डिसेंबर २०२४ पासून ती अंमलांत आली. ॲपलनेंही २०२३ मध्यें आपली निराळी खोबण सोडून ती पत्करली. आपल्याकडेही भारतीय मानक ब्यूरोनें २०२३ च्या आरंभीं टाइप-सीचें मानक प्रसिद्ध केलें. जुनी पिन कायद्यावांचून सर्वांची झाली होती. नवी कायद्यानें होत आहे. पण बाहेरचा आकार एक झाला म्हणजे आंतला व्यवहार एक झाला, असें मात्र नाहीं. कांहीं फोन या खोबणींतून तयार ध्वनि देतात, कांहीं केवळ आंकडे देतात व त्यांचा ध्वनि करण्याचें काम जोडतुकड्यावर सोंपवितात. म्हणून एका फोनाचा तुकडा दुसऱ्यांत मुका राहतो.

हें शास्त्र आम्हांस पदरमोड करून कळलें. बसमधल्या त्या प्रसंगानंतर आम्हीं आपल्या नव्या फोनासाठीं बाजारांतून असा एक तुकडा आणिला. घरीं येऊन तार जोडली, तो निःशब्द. दुकानदार म्हणाला, "सर, तुकड्यात दोष नाही, तुमचा फोनच तसा आहे." तोच तुकडा आमच्या कन्येच्या फोनांत उत्तम चालला, सबब तो तिच्याकडे गेला. आम्हीं कपाटांतून जुना फोन बाहेर काढिला आहे. त्याची बॅटरी दुपारपर्यंतच पुरते. पण सकाळीं अंगणांत बसून चंद्रपूरच्या बातम्या तेवढ्यांत ऐकून होतात.