मंद पावलांची मंदाक्रांता

'मंदाक्रांता' या वृत्ताचे नाव घेतले की अनेकांना त्यात आक्रंदन ऐकू येते. याच वृत्तात रचलेल्या 'मेघदूता'तल्या यक्षाचा विरह त्याला कारण असावा. पण व्युत्पत्ती वेगळेच सांगते. आक्रंदनात 'क्रंद्' म्हणजे रडणे आहे, आक्रांतमध्ये 'क्रम्' म्हणजे पाऊल टाकणे. पादाक्रांत, पराक्रम, इतकेच काय, तिळगुळाची संक्रांतही याच धातूची लेक. तेव्हा मंदाक्रांता म्हणजे सावकाश पावले टाकणारी. चरणात अक्षरे १७. यती, म्हणजे विराम, चौथ्या, दहाव्या आणि शेवटच्या अक्षरावर. पहिली चारही गुरू, जड. मग पाच लघू लागोपाठ धावतात, दहावे गुरू त्यांना थोपवते आणि उरलेली सात डुलत घरी येतात.

ही मंद चाल करुण भावाला जुळते. कोणी म्हणेल, करुण भाव आशयाचा, वृत्ताचा नव्हे. याच वृत्तात विडंबनही लिहिता येते. येते खरे, पण ते हसवते कारण जड पावलांवर हलका विषय चढवलेला असतो. क्षेमेंद्राने 'सुवृत्ततिलक' या वृत्तांवरच्या संस्कृत ग्रंथात हे वृत्त पावसाळा, प्रवास आणि संकट यांच्या वर्णनाला शोभते असे म्हटले, तेही मला या चालीमुळेच पटते. वृत्त भाव पुरवत नाही, वेग ठरवते. शंका असेल तर 'मेघदूता'तल्या कोणत्याही चरणाची पहिली चार अक्षरे घाईने म्हणून पाहा.