सरबत : घाटवाटेवरचा एक गारवा

सरबत हा शब्द मराठी माणसाच्या तोंडी इतका रुळला आहे की तो बाहेरून आला आहे, हे सांगावे लागते. अरबी भाषेत 'श-र-ब' या धातूचा अर्थ पिणे असा आहे. त्यापासून शरबत झाले आणि शराबही झाली. हाच शब्द युरोपात जाऊन 'सिरप' झाला, 'सॉर्बेट' झाला. बर्फ आणि फालुदा हे शब्द फारसीतून आले, कुल्फीही त्याच वाटेने आली. उन्हाळ्यात आपण मिक्सरमध्ये गोठवलेली फळे घुसळतो आणि त्याला 'स्मूदी' असे नवे नाव देतो. पण नाव नवे असले तरी घराणे जुनेच आहे. या घराण्याचा इतिहास गगनबावड्यासारख्या घाटमाथ्यावरच्या गावातून पाहिला, तर काही गोष्टी अधिक स्पष्ट दिसतात.

सुरुवात मात्र दूर उत्तरेत करावी लागते. बाबराने आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानाविषयी बऱ्याच तक्रारी केल्या आहेत. येथे चांगली खरबुजे नाहीत, बर्फ नाही, थंड पाणी नाही, ही त्यांपैकी एक. त्याच्या नातवाच्या काळात या तक्रारीवर उपाय निघाला. अबुल फजल 'आईन-ए-अकबरी'त सोऱ्याने पाणी गार करण्याची रीत देतो. पाच शेर पाण्यात अडीच शेर सोरा टाकावा आणि त्यात शेरभर पाण्याची बंद सुरई पाव तास फिरवावी. सोरा विरघळताना भोवतीची उष्णता शोषून घेतो, म्हणून सुरईतले पाणी थंड होते. पुढे १५८६ च्या सुमारास दरबार लाहोरला गेला, तेव्हा डोंगरातला बर्फ नावांतून आणि हमालांच्या पाठीवरून तेथे येऊ लागला. उन्हाळ्यात सर्व थरांतले लोक तो वापरीत, पण बारा महिने वापरीत ते फक्त उमराव. थंडावा विकत घेता येत होता आणि ज्याची ऐपत जास्त त्याला तो जास्त मिळत होता, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

गगनबावड्याला असा बर्फ कोण आणणार? सह्याद्रीच्या ऐन कड्यावरचे हे गाव. येथून करूळ आणि भुईबावडा हे दोन घाट कोकणात उतरतात. गगनगडावर गैबी पीराचा दर्गा आहे आणि गगनगिरी महाराजांचा मठही आहे. एकाच गडावर दोघांच्या भक्तांची ये-जा चालते. बावडा ही पंत अमात्यांची जहागीर. राजाराम महाराज जिंजीला असताना स्वराज्याचा कारभार सांभाळणारे रामचंद्रपंत अमात्य या घराण्याचे मूळ पुरुष. त्यांचा किताब होता 'हुकूमतपनाह'. मोगलांशी निकराने लढणाऱ्या राज्याने आपल्या कर्त्या कारभाऱ्याला फारसी किताब द्यावा आणि त्यात कोणालाही वावगे वाटू नये, ही गोष्ट आजच्या शब्दशुद्धीच्या वादात आठवावी अशी आहे.

याच रामचंद्रपंतांच्या 'आज्ञापत्रा'त (१७१५) फळझाडांविषयी एक फार मोलाचा विचार आहे. आंबा, फणस ही झाडे आरमाराच्या लाकडासाठी उपयोगी असली तरी त्यांना हात लावू नये. ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती पोटच्या लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे झाड अगदीच जीर्ण असेल तर मालकाला राजी करून, मोल देऊन मगच ते तोडावे, असे ते बजावतात. आपल्या पेल्यातल्या फळामागे कोणाचे तरी कष्ट आहेत, ही जाणीव तीनशे वर्षांपूर्वीच्या या राजनीतीच्या ग्रंथात आहे.

आता फळांकडे वळू. घाटाखाली रातांबा, काजू, हापूस. घाटावर आणि उतारांवर करवंद, जांभूळ, फणस. कोकणातून मीठ, आमसूल वर यायचे आणि वरून धान्य, गूळ खाली जायचा. आंबट कोकणचे, गोड देशाचे, आणि या दोहोंचा मेळ म्हणजे कोकमचे सरबत. गोव्यात रातांब्याला भिरंड म्हणतात. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने गोव्यात १५६३ मध्ये छापलेल्या आपल्या ग्रंथात 'ब्रिंदांव' या नावाने या फळाची नोंद केली आहे. घाटावर शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली आणि पुढे कोल्हापूरच्या गुळाचा लौकिक दूरवर गेला.

जूनमध्ये पाऊस लागला की गगनबावड्यात फळांचा हंगाम संपतो. कोल्हापूर जिल्ह्यात सर्वाधिक पाऊस याच तालुक्यात पडतो. म्हणून मे महिन्याच्या चार आठवड्यांची चव वर्षभर टिकवण्याच्या युक्त्या बायकांनी काढल्या. आमसूल वाळवले, आगळ खारवले, आंब्याच्या रसाची साठे उन्हात घातली. ऊन, मीठ आणि साखर हेच त्यांचे शीतगृह होते.

बर्फ आपल्याकडे आला तो समुद्रमार्गे. १८३३ मध्ये बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने तळ्यातला गोठलेला बर्फ कापून 'टस्कनी' जहाजातून कलकत्त्याला पाठवला. निघताना १८० टन होता, चार महिन्यांच्या प्रवासानंतर सुमारे १०० टन उरला. लवकरच मुंबईतही अमेरिकेचा बर्फ येऊ लागला आणि तो साठवायला बर्फघर उभे राहिले. पुढे यंत्राने बर्फ करण्याचे कारखाने निघाले आणि हा व्यापार बुडाला. कोल्हापूरला १८९१ मध्ये रेल्वे आली. लाकडी भुश्श्यात आणि गोणपाटात गुंडाळलेल्या लाद्या, मीठ-बर्फाचा संचा, किसलेल्या बर्फाचा गोळा, अशा पायऱ्यांनी थंडावा सामान्यांच्या हाती आला.

पण तो स्वस्त होण्यापूर्वीही तहानलेल्याला मोफत मिळण्याची एक जागा होती. ती म्हणजे सबील. सबील म्हणजे वाट. अल्लाहच्या वाटेत दिलेले पाणी. ६८० मध्ये करबलाच्या मैदानात इमाम हुसेन आणि त्यांच्या लहानग्यांचे पाणी अडवले गेले. त्या तहानेची आठवण म्हणून मोहरममध्ये रस्तोरस्ती सरबत वाटले जाते. पिणाऱ्याला त्याची जात, धर्म कोणी विचारीत नाही. आपल्या मराठी मुलखातली पाणपोई हिची सख्खी बहीण. कोल्हापुरात मोहरमचे पंजे हिंदू घरांतूनही बसतात. तेथे ही दोन नावे वेगळी काढणेच अवघड आहे.

२०१८ मध्ये रमजान १७ मेच्या सुमारास सुरू झाला होता. म्हणजे रोजे ऐन करवंद-जांभळांच्या दिवसांत आले. चांद्र वर्षामुळे रमजान सुमारे ३३ वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येतो. आता तो हिवाळ्याकडे सरकत असल्याने तो योग पुन्हा यायला बराच अवधी आहे. पण घरात फ्रीज असेल तर मेमधले फळ कोणत्याही इफ्तारला चालते. पिकलेल्या आंब्याच्या फोडी किंवा बिया काढलेला जांभळाचा गर ताटात सुटा सुटा पसरून रात्रभर गोठवावा आणि डब्यात भरून ठेवावा. दोन वाट्या गोठलेले फळ, एक वाटी दही, थोडा गूळ आणि चिमूटभर मीठ मिक्सरमधून काढावे. वेगळा बर्फ घालू नये, त्याने चव पाणचट होते. गोठलेले फळच बर्फाचे काम करते. साठे आणि आगळ यांच्या रांगेतली ही सर्वांत धाकटी युक्ती.

खंत आहे ती वेगळीच. घाटरस्त्यावर पानांच्या द्रोणात करवंदे विकणारी बाई उन्हात बसलेली असते आणि आपण गाडी थांबवून मागतो ती बाटलीतल्या रंगीत थंड पेयाची. फळाला गिऱ्हाईक उरले नाही, तर झाड राखण्यात कोणाला रस राहील? रामचंद्रपंतांनी कुऱ्हाडीपासून झाडे वाचवण्याचा हुकूम काढला होता. उपेक्षेपासून वाचवण्याचा हुकूम कोणी काढू शकत नाही. ते काम पिणाऱ्यानेच करायचे आहे.

शब्द अरबस्तानचा, फळ कोकणचे, गूळ कोल्हापूरचा आणि बर्फ कधीकाळी बोस्टनचा. एका पेल्यात हे सारे विरघळते, तेव्हा त्यातले आपले कोणते आणि परके कोणते हे वेगळे काढता येत नाही. विचारायचाच असेल तर एकच प्रश्न विचारावा : हा गारवा आपल्या दारावरून जाणाऱ्या तहानलेल्यापर्यंत पोचतो की नाही?