एका दिवसाचे दोन इतिहास : ३ ऑक्टोबर १९५७

वृत्तपत्रांत आणि आकाशवाणीवर ‘दिनविशेष’ नावाचे जे सदर असते, ते वाङ्मयाच्या अभ्यासकाने गंभीरपणे घ्यावे असे सहसा कोणी सुचवीत नाही. अमुक तारखेला अमुक गायकाचा जन्म, तमुक संगीतकाराचे निधन अशा या नोंदींत कार्यकारणभाव नसतो. त्यांत असते ते केवळ सान्निध्य. आपल्याकडील वाङ्मयेतिहास मात्र भाषानिहाय लिहिले गेल्यामुळे या सान्निध्यालाच पारखे झाले आहेत. १४ डिसेंबर ही तारीख उदाहरणादाखल घ्यावी. १९६६ साली या दिवशी शैलेंद्र गेले आणि १९७७ साली याच दिवशी ग. दि. माडगूळकर. एक हिंदी चित्रपटगीताचा धुरीण, दुसरा मराठी चित्रपटगीताचा. हे दोघे दिनविशेषाच्या सदरात शेजारी बसतात, वाङ्मयेतिहासात त्यांची गाठ पडत नाही. या योगायोगाला स्वतःचा असा काही अर्थ नाही, हे खरेच. माडगूळकर आणि मजरूह सुलतानपुरी या दोघांचीही जन्मतारीख १ ऑक्टोबर १९१९ अशी दिली जाते. त्या पिढीच्या जन्मतारखा पुष्कळदा शाळेच्या दाखल्यावरून आलेल्या असल्याने अशा जुळणीवर फार भार टाकू नये.

काही दिवस मात्र निव्वळ योगायोगाच्या पलीकडे जातात, कारण त्यांच्या दोन्ही घटनांमागे एकच संस्था आणि एकच धोरण उभे असते. गुरुवार, ३ ऑक्टोबर १९५७ हा असा दिवस होय. त्या दिवशी विजयादशमी होती. त्याच दिवशी आकाशवाणीची ‘विविध भारती’ ही सेवा सुरू झाली आणि त्याच दिवशी भारत सरकारच्या प्रकाशन विभागाने ‘गीतरामायण’ पुस्तकरूपाने, खिशात मावेल अशा आकारात प्रसिद्ध केले. दोन्ही गोष्टी एकाच माहिती व नभोवाणी मंत्रालयाच्या छत्राखाली झाल्या. मंत्रीही एकच होते, बाळकृष्ण विश्वनाथ केसकर.

केसकरांचे नाव लोकप्रिय संगीताच्या इतिहासात प्रायः खलनायकाच्या भूमिकेत येते. १९५२ साली त्यांनी खात्याची सूत्रे हाती घेतली आणि चित्रपटगीतांना आकाशवाणीवर जवळजवळ दार बंद झाले. गीताबरोबर चित्रपटाचे नाव सांगण्याची प्रथा थांबली, निर्मात्यांनी प्रक्षेपणाची अनुमती काढून घेतली, आणि श्रोता बघता बघता रेडिओ सिलोनकडे वळला. त्याच वर्षी तेथून सुरू झालेल्या ‘बिनाका गीतमाले’ने अमीन सायानींचा आवाज घरोघर नेला. हा भाग सर्वपरिचित आहे. कमी लक्षात घेतली जाते ती धोरणाची दुसरी बाजू. केसकरांना नुसते वगळायचे नव्हते, पर्यायही उभा करायचा होता. चित्रपटाशी नाते नसलेले, शब्दप्रधान, रागाधारित पण सुबोध असे ‘सुगम संगीत’ नभोवाणीने स्वतः निर्माण करावे, हा त्या धोरणाचा विधायक अर्धभाग होता. तो बहुतेक ठिकाणी निस्तेज ठरला. पुण्यात ठरला नाही.

पुणे केंद्रावरील सीताकांत लाड यांच्या कल्पनेतून, माडगूळकरांचे शब्द आणि सुधीर फडके यांचे संगीत घेऊन ‘गीतरामायण’ शुक्रवार, १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, सुरू झाले. यातील विरोधाभास मोठा आहे. चित्रपटसंगीताला पर्याय म्हणून जे उभे राहिले, त्याचे दोन्ही कर्ते चित्रपटसृष्टीतच नावारूपाला आलेले होते. प्रसंगाला नेमके बेतलेले गीत, पात्राच्या मुखातून बोलणारे शब्द, दोन-तीन कडव्यांत भावस्थिती उभी करण्याची हातोटी हे सारे कसब चित्रपटाने त्यांच्या अंगी मुरवले होते. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, ललिता फडके अशा वेगवेगळ्या कंठांना वेगवेगळी पात्रे दिली गेली, तीही पार्श्वगायनाचीच रीत होय. दाराबाहेर ठेवलेली कला मागील दाराने, अधिक शालीन वेशात, आत आली असे म्हटले तर ते फारसे अतिशयोक्त होणार नाही.

या मालिकेचा आकार पंचांगाने घडवला. योजना वर्षभराची, म्हणजे ५२ गीतांची होती. प्रत्यक्षात गीते झाली ५६. त्या वर्षी भाद्रपद अधिक आला, म्हणून चार गीते वाढली, हे कारण नेहमी सांगितले जाते; ते ताडून पाहण्याची तसदी मात्र क्वचितच कोणी घेतो. हिशेब असा आहे. १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीपासून १९ एप्रिल १९५६ च्या रामनवमीपर्यंत ३८४ दिवस होतात. या अवधीत, आठवड्याला एक गीत या मानाने, पहिला धरून ५५ शुक्रवार येतात, आणि समाप्तीची रामनवमी गुरुवारी पडते. एकूण ५६. अधिक मास नसता तर अवधी सुमारे ३५४ दिवसांचा झाला असता; त्यात ५१ शुक्रवार व समाप्तीचा दिवस, म्हणजे ५२. ग्रेगोरियन वर्षाचे ५२ आठवडे आणि चांद्र वर्षाचा हा हिशेब येथे एकाच आकड्यावर येतात. सरकारी प्रक्षेपणाचे वेळापत्रक वाराने चालते आणि श्रोत्याचे रामायण तिथीने. त्या दोहोंतील फट चार गीतांनी भरून काढली गेली. वाङ्मयकृतीचा विस्तार सूर्य-चंद्राच्या गतीतील अंतरामुळे वाढल्याचे दुसरे उदाहरण मला तरी आठवत नाही.

आता पुन्हा ३ ऑक्टोबरकडे वळू. विविध भारती ही एका अर्थाने माघार होती. सिलोनकडे गेलेला श्रोता परत आणायचा तर चित्रपटगीत परत आणावे लागणार, हे मंत्रालयाने मान्य केले. सेवेची जबाबदारी आली पंडित नरेंद्र शर्मा या हिंदी कवीकडे. प्रक्षेपण मुंबई व मद्रास येथील लघुलहरी प्रक्षेपकांवरून होऊ लागले. तिचा आरंभ मात्र चित्रपटगीताने झाला नाही. खास या प्रसंगासाठी नरेंद्र शर्मांनी गीत रचले, अनिल विश्वास यांनी त्याला चाल दिली आणि मन्ना डे यांनी ते गायिले. मोराला नाच म्हणून विनवणारे हे गीत होते. मराठी वाचकाला येथे थबकायला होते, कारण चारच वर्षांपूर्वी ‘देवबाप्पा’ या चित्रपटासाठी माडगूळकरांनीही मोरालाच साद घालणारे बालगीत लिहिले होते, पु. ल. देशपांडे यांच्या चालीवर आशा भोसले यांनी गायिलेले. एकाने घेतला तत्सम ‘मयूर’, दुसऱ्याने अंगणातला ‘मोर’. दोन शब्दांतील हे अंतर त्या काळच्या दोन आकांक्षांतले अंतर आहे. नभोवाणीला अभिजाततेकडे झुकलेली हिंदी हवी होती. चित्रपटातील गीत मुलांच्या ओठांवर सहज बसणारे बोल शोधत होते. यातील कोणी कोणाचे घेतले असे सुचवण्याचा हेतू नाही. प्रतिमा सार्वत्रिक आहे, तिची भाषिक पातळी बोलकी आहे.

दुसऱ्याच दिवशी, ४ ऑक्टोबरला, स्पुतनिकचे संदेश जगभरच्या रेडिओ संचांवर ऐकू येऊ लागले. जगाच्या दिनविशेषात तो दिवस आहे, आदला नाही. ते स्वाभाविक आहे.

विजयादशमी हा सीमोल्लंघनाचा दिवस. दोन्ही घटनांत सीमा ओलांडली गेली, पण उलट दिशांनी. विविध भारतीने चित्रपटगीताला राष्ट्रीय नभोवाणीत प्रवेश दिला. पुस्तकाने नभोवाणीवरील गीताला वाङ्मयात. माझ्या मते दुसऱ्या सीमोल्लंघनाची किंमत आपण अजून मोजलेली नाही. छापील होताच ‘गीतरामायण’ काव्य म्हणून वाचले जाऊ लागले, वाल्मीकीशी ताडले जाऊ लागले, आणि फडके यांच्या चाली, गायकांची निवड, प्रक्षेपणाची वेळ हे सारे ‘प्रस्तुती’च्या खात्यात गेले. ज्यांना पुस्तक लाभले नाही अशी गीते वाङ्मयेतिहासाच्या बाहेरच राहिली. त्यांत माडगूळकरांची स्वतःची पुष्कळशी चित्रपटगीते आली आणि शैलेंद्रही आले. १९५५ याच वर्षीच्या ‘श्री ४२०’ मध्ये शैलेंद्रांनी एका गीताचे धृपद चक्क तेलुगू शब्दांत बांधले आणि रामाच्या नावाच्या एका घरगुती रूपाला साद घातली. त्याच वर्षी पुण्याहून रामकथा गायिली जात होती. हिंदी गीताच्या मुखी तेलुगू शब्द हा तौलनिक अभ्यासाचा उघडाच विषय आहे. पण रचना पुस्तकात नाही, पडद्यावर आहे, एवढ्या कारणाने तो कोणाच्याच कक्षेत येत नाही. पुस्तक हा वाङ्मयाचा परवाना मानण्याची ही सवय ज्या परंपरेत ओवी जात्यावर जन्मली तिच्या अभ्यासकांना तर मुळीच शोभत नाही.

अर्थात पुस्तकाने दिलेही पुष्कळ. हिंदी, गुजराती, बंगाली, संस्कृत, कन्नड, तेलुगू, कोकणी अशा भाषांत अनुवाद झाले, आणि त्यांतील काही मूळ चालींवर गाता यावेत अशा बेताने केलेले आहेत. अशा अनुवादाला वृत्ताबरोबर स्वराचेही बंधन असते. लघु-गुरू जुळूनही श्वासाची जागा चुकली तर ओळ पडते. म्हणजे चाल ही मूळ संहितेचाच भाग आहे, हे समीक्षकांच्या आधी अनुवादकांनी ओळखले.

हेब्बाळहून हे लिहिताना रामनवमीचा आणखी एक संदर्भ डोळ्यांआड करता येत नाही. बंगळुरूच्या चामराजपेठेत श्री रामसेवा मंडळीचा संगीतोत्सव १९३९ पासून, म्हणजे पुण्यातील त्या शुक्रवारच्या सोळा वर्षे आधीपासून, रामनवमीला धरून भरत आला आहे. त्यागराज आणि पुरंदरदास यांचे आराधनेचे दिवसही येथे तिथीनेच पाळले जातात, तारखेने नव्हे. कन्नड रसिकाच्या संगीतस्मरणात म्हणून ‘एक दिवस’ दरवर्षी जागा बदलतो. पुण्यातील मालिका एका रामनवमीला सुरू होऊन पुढच्या रामनवमीला संपली. चामराजपेठेत त्या निमित्ताने सुमारे महिनाभर कचेऱ्या चालतात. एकीकडे तिथीने कृतीला आदि आणि अंत दिला, दुसरीकडे ती निव्वळ निमित्त राहिली, आणि गायक आपापली कृती, आपापला राग घेऊन येत राहिले. माडगूळकरांच्या कन्नड अनुवादाचा वाचक या दोन्ही रामनवम्यांच्या मध्ये कोठेतरी उभा आहे. त्याच्या कानात चाल पुण्याची असते आणि उत्सव चामराजपेठेतला.